मुंबई–जयपूर, २० सप्टेंबर २०१८ : एक राहून गेलेला स्विच आणि १६६ प्रवाशांचे कान

गणेशोत्सवाचा आठवडा होता. गौरी-गणपती जाऊन तीन दिवस झाले होते, अनंत चतुर्दशीला अजून तीन दिवस होते. गुरुवारी भल्या पहाटे मुंबई विमानतळावरून जेट एअरवेजचं ९डब्ल्यू ६९७ हे बोइंग ७३७ विमान जयपूरला निघालं. १६६ प्रवासी आणि पाच कर्मचारी. पहाटेच्या विमानात एक ठरलेलं दृश्य असतं: निम्मे लोक धावपट्टी गाठायच्या आधीच मान टाकून झोपलेले, उरलेले ‘पोचल्यावर फोन करतो’ असं शेवटचं सांगत असलेले. सुरक्षेच्या सूचना चालू असतात आणि कुणीही वर बघत नाही.

उड्डाणानंतर थोड्याच वेळात कान दुखायला लागले. एसी बिघडल्यासारखं वाटलं, असं काही प्रवाशांनी नंतर सांगितलं. मग डोक्यावरची झाकणं उघडून पिवळे मास्क खाली लोंबले. काहींचा घोळणा फुटला, काहींच्या कानातून रक्त आलं. विमान परत फिरलं आणि मुंबईत नीट उतरलं. सुमारे ३० जणांना नाकातून किंवा कानातून रक्त येण्याचा त्रास झाला. पाच जणांना ऐकू कमी येऊ लागल्यामुळे रुग्णालयात न्यावं लागलं. मास्क लोंबकळणाऱ्या केबिनचे व्हिडिओ काही तासांत देशभर फिरले.

त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, प्राथमिक कारण सांगितलं: केबिनमधला हवेचा दाब राखणारा स्विच वैमानिकांनी लावलाच नव्हता. दोघा वैमानिकांना ड्युटीवरून उतरवलं गेलं आणि तपास विमान अपघात तपास ब्युरोकडे गेला.

या प्रकरणावर तेव्हा जे लिहिलं गेलं ते बहुतेक ‘वैमानिक स्विच लावायला विसरले’ या एका वाक्याभोवती फिरत राहिलं. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. विमानातला प्रवासी आणीबाणीत जवळजवळ आंधळा असतो. त्याला उंची दिसत नाही, दाब दिसत नाही, कॉकपिटमध्ये काय चाललंय ते ऐकू येत नाही. त्याच्याकडे एकच मापक असतो, त्याचं स्वतःचं शरीर. त्या पहाटे तो मापक चोख काम करत होता. पण तो काय सांगतोय हे वाचायला कुणी त्याला शिकवलेलं नव्हतं.

स्विच नेमका कशाचा

विमानात आपण जी हवा घेतो ती इंजिनातून येते. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबली जाते, इंधन पेटायच्या आधी. त्या दाबलेल्या हवेतला थोडा भाग बाजूला काढायचा, थंड करायचा आणि केबिनमध्ये सोडायचा. या हवेला विमानवाले ‘ब्लीड एअर’ म्हणतात. शेपटीच्या बाजूला एक झडप असते, ती कमी-जास्त उघडून जादा हवा बाहेर सोडते. सायकलच्या ट्यूबला बारीक पंक्चर आहे आणि पंप सतत चालू आहे, असं डोळ्यांपुढे आणा. पंप चालू आहे तोवर ट्यूब फुगलेली राहते.

त्या दिवशी पंपच बंद होता. काही उड्डाणांत तो मुद्दाम बंद ठेवला जातो, कारण इंजिनातली हवा काढून घेतली की इंजिनाचा जोर थोडा कमी होतो. सगळा जोर उड्डाणाला हवा असेल तेव्हा ब्लीड बंद ठेवून निघायचं आणि वर गेल्यावर चालू करायचं, अशी पद्धत आहे. म्हणूनच या जातीच्या ७३७ विमानाच्या उड्डाणानंतरच्या चेकलिस्टची पहिलीच ओळ ‘इंजिन ब्लीड्स – ऑन’ अशी असते. दुसरीतिसरी नाही, पहिली.

विमान ३५,००० फुटांवर असताना केबिनमध्ये मात्र जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असावा तेवढा दाब राखला जातो. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तिच्या डोक्यावर आणखी अर्धी कळसूबाई ठेवली की झाले साधारण ८,००० फूट. म्हणजे प्रत्येक लांबच्या विमानप्रवासात आपण बसल्या जागी कळसूबाईहून उंच चढतो आणि तिथे बसून सँडविच खातो. शरीराला ते चालतं, कारण ही चढाई सावकाश होते, मिनिटाला साधारण ५०० फूट किंवा त्याहूनही कमी. दाब राखणारी यंत्रणाच बंद असली की केबिन विमानाच्या वेगाने वर जाते, आणि ७३७ सुरुवातीला मिनिटाला दोन-तीन हजार फूट सहज चढतं.

केबिनची उंची १०,००० फुटांपलीकडे गेली की कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो. १४,००० फुटांच्या आसपास मास्क आपोआप पडतात. वैमानिकही बटण दाबून ते पाडू शकतात. १४,००० फूट म्हणजे अमरनाथच्या गुहेहूनही उंच. यात्रेकरू तिथे दिवसांच्या चालीने पोचतात, आणि तरी डोकं धरतं. इथे मुंबईच्या समुद्रसपाटीवरून निघून काही मिनिटांचा हिशेब आहे.

कान आणि नाक

कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूला हवेची छोटी खोली असते. ती घशाला एका अरुंद नळीने जोडलेली असते, तिला कंठकर्णनलिका म्हणतात. विमान वर चढतं तेव्हा आतली हवा प्रसरण पावते आणि नळीतून आपोआप बाहेर निसटते. कानात ‘टक्’ होतं ते त्यामुळे. खाली उतरताना उलटं होतं: बाहेरचा दाब वाढतो, आत हवा शिरायला हवी, पण नळीचं तोंड मऊ असतं आणि बाहेरच्या दाबाने ते मिटतं. मग पडदा आत ओढला जातो, दडे बसतात, ठणका लागतो. दाबातला फरक फारच वाढला तर आतल्या बारीक केशवाहिन्या फुटतात. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचंही असंच. तिथली वाट बंद असली की रक्त नाकावाटे येतं.

म्हणजे रक्त दिसलं याचा अर्थ मेंदूला काही झालं असा नव्हता. पण हे त्या क्षणी कोण कुणाला सांगणार? शेजारच्या माणसाच्या नाकातून रक्त येतंय आणि वरून मास्क लोंबतायत, एवढं पुरेसं असतं. घाबरणं हे इथे अडाणीपणाचं लक्षण नाही. माहिती नसली की माणूस दिसेल त्यातून अर्थ लावतो, आणि दिसत होतं ते रक्त.

सर्दी असलेल्यांना हा त्रास कितीतरी जास्त होतो, कारण नळीचं तोंड आधीच सुजलेलं असतं. भाद्रपदातल्या मुंबईत १६६ माणसांत नाक चोंदलेले किती असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा. एकाच केबिनमध्ये, एकाच दाबाखाली बसलेल्यांपैकी ३० जणांना रक्त येतं आणि बाकीच्यांना फक्त दडे बसतात, याचा बराचसा उलगडा इथे होतो.

उपाय जुनेच आहेत. आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारायची. ‘हलकेच’ हा शब्द महत्त्वाचा. जोर लावून फुंकलं तर त्याच पडद्याला नवी इजा होते. तान्ह्या बाळाला उतरताना पाजायचं, कारण ते गिळतं तेव्हा नळी उघडते. आणि विमान उतरत असताना झोपायचं नाही, कारण झोपेत माणूस गिळतो कमी. हे आपल्याकडे एसटीतून आंबा घाट उतरणाऱ्या कुठल्याही आजीला माहीत असतं. ती चिंचेची गोळी काढून सगळ्यांना वाटते.

मास्क

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

मास्क लोंबला म्हणजे ऑक्सिजन सुरू झाला, असं नाही. बहुतेक ७३७ विमानांत प्रत्येक रांगेच्या डोक्यावर एक छोटा डबा असतो, त्यात सोडियम क्लोरेटसारखं रसायन भरलेलं असतं. मास्क खाली ओढला की पिन निघते, रसायन पेट घेतं आणि त्यातून ऑक्सिजन बाहेर पडायला लागतो. ओढल्याशिवाय काहीच येत नाही. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, आणि ते साधारण १२ मिनिटं पुरतं. डबा प्रचंड तापतो. त्यामुळे केबिनमध्ये करपल्याचा वास येतो, धूळ जळल्यासारखा. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, आता आगही लागली.

पिशवी फुगत नाही. सूचनांमध्ये हे दर वेळी सांगतात आणि दर वेळी लोक विसरतात. पिशवी चपटी दिसली की माणूस मास्क काढून बघतो, झटकतो, दुसरा ओढतो. या विमानात तीन आसनांवर चार मास्क असतात. चौथा मांडीवरच्या बाळासाठी असतो, तुमचा बिघडला म्हणून नव्हे.

आणि मास्क नाकावर हवा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या १३८० क्रमांकाच्या विमानाचं इंजिन हवेत फुटलं, खिडकी गेली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. त्या विमानातला एक फोटो जगभर फिरला: मास्क लावलेले प्रवासी, आणि सगळ्यांचे मास्क फक्त तोंडावर, नाकं उघडी. आपण नंतर कोविडमध्ये तेच केलं, फक्त तेव्हा विमानात नव्हतो.

१२ मिनिटं ऐकायला कमी वाटतात. पण ऑक्सिजनचा डबा जयपूरला पोचायला नसतोच. विमान १०,००० फुटांच्या खाली येईपर्यंत तग धरायला तो असतो. वैमानिक तेवढ्या वेळात विमान भराभर खाली आणतात. प्रवाशाला वाटतं विमान पडतंय. नाक खाली झुकतं, पंखांवरचे ब्रेक उघडल्यामुळे विमान थरथरतं, कान आणखी दुखतात. हे सगळं उपचाराचा भाग आहे, पण तसं कुणीतरी सांगायला हवं.

त्या पहाटे सांगितलं गेलं का? मास्क लावा अशी घोषणाच ऐकू आली नाही, असं काही प्रवाशांनी नंतर म्हटलं. कंपनीचं म्हणणं होतं की त्रास झालेल्यांना प्रथमोपचार दिले गेले. दोन्ही खरं असू शकतं. मास्क पडले की केबिन कर्मचाऱ्यांनाही आधी जवळचा मास्क पकडून बसावं लागतं, ते गल्लीतून फिरू शकत नाहीत. स्वतः बेशुद्ध पडलेला कर्मचारी कुणाच्याच कामाचा नाही. म्हणजे जेव्हा धीर देणाऱ्या माणसाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच मिनिटांत गल्ली रिकामी दिसते. ‘सगळे आम्हाला टाकून बसले’ असा समज त्यातून होतो. पहिलं वाक्य कॉकपिटमधून यायला हवं, आणि वैमानिक त्या वेळी इतर दहा कामांत असतात. ही फट यंत्रणेतच आहे, तिच्यासाठी कुणा एका एअर होस्टेसला झापण्यात अर्थ नाही.

तेरा वर्षांपूर्वीचं भावंड

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं हेलिओस कंपनीचं ५२२ क्रमांकाचं विमान, तेही बोइंग ७३७, फक्त जुन्या पिढीतलं. आदल्या रात्री दाबाची चाचणी करताना दाब राखणाऱ्या यंत्रणेचा खटका ‘मॅन्युअल’वर ठेवला गेला आणि तसाच राहिला. उड्डाणाआधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांत तो कुणाच्या लक्षात आला नाही. विमान चढत राहिलं. भोंगा वाजला. पण त्या विमानात हाच आवाज दुसऱ्या एका इशाऱ्यासाठीही होता: उड्डाणाला विमान नीट सज्ज नाही, हे जमिनीवर सांगणारा. वैमानिकांना तो तोच वाटला. ऑक्सिजन कमी पडला की सर्वात आधी जाते ती विचारशक्ती, आणि ती गेल्याचं माणसाला कळतही नाही. उलट थोडं बरंच वाटतं.

विमान ऑटोपायलटवर ३४,००० फुटांवर जाऊन अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाची एफ-१६ विमानं बाजूला आली, तेव्हा सहवैमानिक पॅनेलवर कोसळलेला दिसला, कॅप्टनची जागा रिकामी होती. शेवटी इंधन संपलं आणि ग्रामातिको गावाजवळच्या डोंगरावर विमान आदळलं. १२१ जण गेले.

केबिनमध्ये मास्क पडले होते. प्रवाशांनी ते लावलेही असतील. १२ मिनिटांनी ऑक्सिजन संपला, आणि विमान मात्र खाली आलंच नाही. मास्क पडूनही विमान खाली उतरत नसेल, उलट चढतच असेल, तर ते विपरीत आहे, हे केबिनमधल्या कुणालाही जाणवू शकतं. अशा वेळी कर्मचाऱ्यांना ओरडून सांगायला लाजू नये.

त्या अपघातानंतर ७३७च्या कॉकपिटमध्ये वेगळे इशारा-दिवे बसवायचा आदेश अमेरिकेच्या नियामकाने काढला, म्हणजे भोंगा कशाचा हे दिव्यावर वाचता यावं. मुंबईच्या प्रकरणात विमान वेळेत परतलं. पण ‘काहींच्या नाकातून रक्त आलं’ या बातमीला हसणाऱ्यांनी हे भावंड आठवावं. सुरुवात दोघांची सारखीच होती: दाबाचा खटका जागेवर नाही, आणि विमान चढतंय.

प्रवाशाच्या हातात काय होतं

फारसं नाही, हे आधीच कबूल. पण अगदी शून्यही नाही.

ब्लीड बंद असलं की डोक्यावरच्या छोट्या गोल जाळीतून येणारा हवेचा झोतही मंदावतो किंवा थांबतो. केबिन कोंदट होते. प्रवाशांनी जी ‘एसी बंद’ अशी तक्रार केली ती त्यामुळेच असावी, असा माझा कयास आहे. उड्डाणानंतर पाच मिनिटं झाली, हवा येत नाही आणि कान नेहमीपेक्षा भराभर टकटक वाजतायत, ही दोन लक्षणं एकत्र आली तर कर्मचाऱ्यांना बोलावणारं बटण दाबायला हरकत नाही. आपल्याकडे ते बटण पाण्यासाठी दाबायचं अशी समजूत आहे. ‘उगाच कशाला, लोक काय म्हणतील’ हा आपला स्वभावही आड येतो.

मास्क पडल्यावर फोन आधी काढावा की मास्क आधी ओढावा, याचं उत्तर सोपं आहे, पण त्या दिवशीच्या व्हिडिओंवरून दिसतं की ते सगळ्यांना सोपं गेलं नाही. १८,००० फुटांवर शुद्ध २० ते ३० मिनिटं टिकते, ३५,००० फुटांवर अर्धा ते एक मिनिट. आपण नेमके कुठे आहोत हे प्रवाशाला ठाऊक नसतं, म्हणून अर्ध्या मिनिटाचाच हिशेब धरायचा. आधी स्वतःचा मास्क, मग पोराचा. आपल्याकडच्या आईला हे पटवणं कठीण जातं. पण आई बेशुद्ध पडली तर पोराला मास्क लावायला कुणी उरत नाही, हे तिला आधी घरी सांगून ठेवता येतं.

उतरल्यानंतरची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. कान दुखत असेल, ऐकू कमी येत असेल, तर विमानतळावरच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी नोंद करून घ्यायची आणि नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायचा. बहुतेकांचा कान काही दिवसांत पूर्ववत होतो, पण तोवर पुन्हा विमानात बसणं म्हणजे जखमेवर मीठ. दुसऱ्या विमानात जागा देऊ केली म्हणून लगेच चढू नये. त्या दिवशी कंपनीने पुढच्या प्रवासाची सोय केली होती. दुखऱ्या कानांसाठी ती चांगली सोय नव्हती.

भरपाईचं काय? एका प्रवाशाने ३० लाख रुपये आणि १०० अपग्रेड व्हाउचर मागितल्याची बातमी तेव्हा आली आणि लोकांनी त्याची थट्टा केली. मला व्हाउचरचं हसू आलं, मागणीचं नाही. आपल्या कॅरेज बाय एअर ॲक्ट, १९७२ नुसार विमानात झालेल्या शारीरिक दुखापतीसाठी कंपनी जबाबदार धरता येते, पण दुखापत कागदावर दाखवावी लागते. व्हिडिओतलं रक्त पुरावा म्हणून फार दूर नेत नाही. कानाच्या तपासणीचा त्याच दिवशीचा रिपोर्ट नेतो. आणि दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो.

तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री आपले कोकणातले सुरेश प्रभू होते. त्यांनी सगळ्याच विमान कंपन्यांच्या सुरक्षेची तपासणी करायला सांगितलं. जेटच्या प्रवाशांपुढे मात्र वेगळीच अडचण आली. २० सप्टेंबर २०१८ पासून मोजलेली दोन वर्षं संपायला बराच अवकाश असताना, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे जेटचं शेवटचं ठरलं, आणि जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तोवर भरपाई न मिळालेल्याला आता बँका, विमानं भाड्याने देणारे आणि थकलेल्या पगाराची वाट बघणारे कर्मचारी यांच्याच रांगेत उभं राहायचं होतं.